तोंडची कावीळ

कावीळ आमच्या घरात अंकुशच्या तोंडातून आली. डॉक्टरनं सांगतली नाही, पोरीचे डोळे पिवळे झाले नाही. धानाच्या बांधीत, चिखलात उभं राहून त्यानं दिली ठोकून, अन् मंग साऱ्या गावानं उचलून धरली.

अंकुश म्हंजे माहा देर. माहा मालक वारल्यापासून मी त्याच्याच घरात राहते. घरात तो, त्याची बायको मंजुषा, आमची सासू दुर्गाबाई अन् त्यायची एकुलती एक पोरगी दामिनी. आसगावच्या आंगाले आमचं गाव, धानाची शेती, खाऊन-पिऊन बरं. दामिनी मले मोठ्याई म्हनते. मले पोरबाळ नाही, म्हनून दामिनीच्या बाबतीत मी जास्तच तोंड चालवते असं सासू म्हनते. चालवते तं चालवते. तोंड माहं आहे.

दामिनी अकरावीत होती. दिवाळीपासून पोरगी आटत गेली. पयले हसनं गेलं, मंग जेवन कमी झालं, मंग वेनी घालनं बंद. केसायच्या गाठी झाल्या तरी फनी हातात घेइना. शाळेतून आली का खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. सासू म्हने, आळशी झाली, सासरी गेल्यावर समजन. अंकुश म्हने, मोबाईलनं डोकं खाल्लं. एक दिवस त्यानं तिच्या हातचा मोबाईल हिसकून घेतला. पोट्टी काहीच बोलली नाही. नुसता हात तसाच ठेवून बसली. तेव्हा मले पयल्यांदा भेव लागलं. या वयाची पोट्टी मोबाईल नेल्यावर भांडत नाही, म्हंजे काहीतरी मोठं बिघडलं, एवढं तं मलेबी समजते.

मंग शाळेत लेकरायच्या तपासनीची गाडी आली. वजन पाहिलं, डोळे पाहिले, दात पाहिले. त्यातल्या एका डॉक्टरीनबाईनं दामिनीले बाजूले बसवून इचारलं, झोप लागते का, भूक लागते का. तं पोरगी तिले म्हनते, "मॅडम, मले सकाळी उठावंच वाटत नाही. एखाद्या दिवशी नाही उठली तं बरं होइन." घरात चार मान्सं, आमच्याजवळ एक शब्द नाही, अन् त्या अनोळखी बाईजवळ सारं बोलली. त्या बाईनं अंकुशले शाळेत बलावून घेतलं.

अंकुश घरी आला तो चपला फेकतच आला.

"पोरीले पागल म्हनून राहिले ते. भंडाऱ्याले न्या म्हने. मोठ्या दवाखान्यात मंगळवारी लेकरायच्या मनाची डॉक्टर बसते म्हने."

"पागल म्हटलं का तिनं?" मी इचारलं.

"मनाची डॉक्टर म्हंजे मंग काय असते, वयनी?"

"मनाची म्हंजे मनाची. तुह्या गुडघ्याले गुडघ्याचा डॉक्टर लागला, तवा तुले कोनी लंगडा म्हटलं का?"

तो फेकलेल्या चपला गोळा कराले गेला. पन मंगळवारी एस्टीत मीच बसली, मंजुषा बसली, अन् मधात दामिनी. अंकुशले शेतात काम निघालं.

दवाखान्यात डॉक्टरीनबाई बरी होती, घाई नाही केली तिनं. तिच्या बाजूच्या खोलीत आनखी एक मॅडम होती, ती नुसती बोलत बसे. आमी तिले गोठीवाली मॅडम म्हनत होतो. दामिनीले आत घेतलं अन् आमाले बाहेर बसवलं. दाराच्या आतून पोरीच्या रडन्याचा आवाज आला, तं मंजुषा उठून उभी राहिली. मी तिचा पदर धरून खाली बसवलं. मी म्हटलं, रडू दे, महिने झाले तिचा आवाज आयकून.

मंग डॉक्टरीनबाईनं आमाले सांगतलं, "हे दुखणं आहे. ताप असतो, तसंच दुखणं. ही गोळी रोज द्यायची. बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही, एकदम बंद केली तर त्रास होईल. दर मंगळवारी बोलायला आणा. आणि हिला एकटं पाडू नका. मैत्रीण आहे का कोणी?"

"गुड्डी आहे," दामिनी हळूच म्हनाली.

"मग गुड्डीला रोज येऊ दे."

गुड्डी म्हंजे आमच्या मागच्या घरच्या शकुनबाईची पोरगी. दोघी बालवाडीपासून संग. ती रोज दिवेलागनीले येत जाय, खाटेवर पाय घेऊन बसे अन् एकटीच बडबड करे. कोनता सर कोनाले काय म्हनला, कोनाची सायकल कोनत्या नालीत पडली. दामिनी आयकून घे. गोळी चालू झाली, मंगळवार चालू झाले. उनाळा सरता सरता एक दिवस पोरगी तेलाची शिशी घेऊन माह्या पुढ्यात येऊन बसली. "मोठ्याई, गाठी सोडून दे ना." मी इतक्या हळू हळू सोडल्या का माहे हात भरून आले. मंजुषा चुलीपाशी बसून डोळे पुसे अन् धुरावर खापर फोडे. चुलीत विस्तव नोहोता.

असं सारं रुळावर येऊन राहिलं होतं. अन् रोवना आला, धानाची रोपं लावाचे दिवस.

पानी यंदा दडी मारून बसलं होतं. रोपाचे पऱ्हे टाकले ते टाकले, रोपं उंच होऊन पिवळी पडाले लागली. रोप म्हातारं झालं तं रोवून काय फायदा, त्याले फुटवाच येत नाही. अन् मंग पानी आलं ते साऱ्या गावाले एकाच वेळी आलं. ज्याले त्याले बाया पायजे. आमच्या गावात रोवन्याच्या बायायची टोळी शकुनबाईची. ती म्हनन त्या दिवशी, ती म्हनन त्याच्या बांधीत. भल्या भल्या शेतकऱ्याले तिच्या दारी जाऊन उभं राहा लागते. बाई मनाची वाईट नाही, पन चौकशी मोठी.

अंकुश आपल्या बांधीत चिखल करून राहिला होता, मी काठच्या धुऱ्यावर गवत काढत होती. शकुनबाई तिकडून आली. तो म्हनाला, "काकी, माह्या बांधीचं पाहा ना कधी जमते."

ती म्हने, "मंगळवारी येतो. पन मंगळवारी तं तुह्या घरी बायाच नसते. मंजुषा नाही, ही धुऱ्यावरची तुळसा नाही. दर मंगळवारी पोट्टीले कुठं नेता रे तुमी?"

सहजच इचारलं तिनं. अंकुशनं माह्याकडं पाहिलं, मंग चिखलाकडं पाहिलं.

"कावीळ झाली तिले," तो म्हनाला.

"अगं बाई! अन् सांगतलं नाही?"

ती गेल्यावर मी खुरपं खाली टाकलं. "काहून खोटं बोलला रे?"

"मंग काय सांगू? पोरीले मनाच्या डॉक्टरकडं नेऊन राहिलो म्हनून सांगू? उद्या तिले सून कोन करन, वयनी? कावीळ बरी होते. लोकं इसरून जातात. ते दुसरं कोनी इसरते का?"

खोटं कसं असते, एका मान्साले सांगतलं तं सोपं वाटते. त्याच सांजेले गुड्डी आली नाही. दुसऱ्या दिवशीबी नाही आली. तिसऱ्या दिवशी शकुनबाईनं कुंपनावरून पपई देली अन् म्हने, "माह्या पोट्टीले मी मनाई केली बाप्पा, रागावू नोको. लागते ते. घरात लहान लेकरू आहे." दामिनी आतून आयकत होती का नोहोती, मले माईत नाही. सासूनं पोरीचं ताट-गिलास येगळं केलं. अंकुशनं दामिनीले बजावलं होतं, कोनी इचारलं तं कावीळच सांगजो. ती हाव म्हनाली. आता ती हावच म्हने साऱ्यायले.

गावानं माया केली, खोटं कायले बोलू. कोनी ऊस आनून देला, कोनी मुळे. तेल बंद, हळद बंद, मीठ बंद. अन् सासूनं बाजूच्या गावातून मंगरू वैदूले बलावून आनलं, कावीळ उतरवाले. तिले खरं सांगतलंच नोहोतं कोनी. अंकुश म्हने, मायच्या पोटात गोठ राहत नाही.

मंगरू म्हातारा मानूस, दाढी पांढरी, बोलनं गोड. आंगनात बाया जमा झाल्या, दूर दूर उभ्या. त्यानं दामिनीले पाटावर बसवलं, तिच्या हाताले कोनत्यातरी पाल्याचा रस चोळला अन् पितळेच्या गंगाळात चुन्याचं पानी घेतलं. "धुव बेटा," म्हने. पोरीनं हात बुडवले. पानी पिवळंजर्द झालं. साऱ्या बाया "अवो माय" म्हनाल्या. मंगरूनं पानी फेकलं, दुसरं घेतलं, तेबी पिवळं.

मी अंकुशकडं पाहत होती. कावीळ त्याच्याच तोंडची, त्याले तं माईत होतं ना? पन त्याचं तोंड असं झालं जसं डोक्यावरून पोतं खाली उतरलं. तो पुढं आला, गंगाळात वाकून पाहिलं अन् म्हनाला, "वयनी, खरंच कावीळ आहे वो."

"अरे, तूच तं..." माह्या तोंडातून निंघत निंघत राहिलं. साऱ्या बाया उभ्या होत्या.

"तेच म्हनतो मी. डॉक्टरीनले समजलंच नाही. काविळीनंच पोट्टी सुस्त पडली, काविळीनंच जेवत नोहोती. पोटात होती, आता बाहेर पडली."

माहं डोकं फिरलं. मी पुढं झाली अन् माहेच हात मंगरूपुढं केले. "माह्याबी हाताले लावा तो रस." त्यानं लावला. मी हात बुडवले. पानी पिवळंजर्द झालं. मी साऱ्यायकडं पाहिलं, म्हटलं, आता बोला. तं सासू काय म्हनते? "पाहा! हिलेबी लागली! येगळं ताट कर म्हटलं तं आयकत नोहोती!" त्या दिवसापासून माहंबी मीठ बंद झालं. हसावं का रडावं सांगा.

मंगरूनं कोनत्यातरी काड्यायचे बारीक तुकडे दोऱ्यात ओवून माळ केली अन् दामिनीच्या डोक्यावर ठेवली. कावीळ उतरन तशी माळ वाढत वाढत पायापर्यंत येइन म्हने. तोपर्यंत दुसरी कोनतीच गोळी पोटात जाऊ द्याची नाही, अन् गावाची शीव ओलांडाची नाही.

गोळ्या अंकुशनं चुलीत टाकल्या. मी हात धरला त्याचा, मी भांडली. मी म्हटलं, डॉक्टरीनबाईनं काय सांगतलं ते मंजुषाले इचार, एकदम बंद करू नोका म्हटलं तिनं. मंजुषा दाराशी उभी राहून नुसती पदराचं टोक चावे. मी म्हटलं, मंगळवारी मी एकटी नेते पोरीले. तं सासू म्हने, "तुह्या पोटची आहे का ते? आपल्या पोटची असती तं शीव ओलांडाची भाषा केली नसती." अंकुशनं तिले थांबवलं नाही. मी बाजूच्या खोलीत जाऊन बसली. या घरात मले कोनी कधी मारलं नाही, पन तो शब्द मी मरेपर्यंत इसरनार नाही.

माळ खरंच वाढत गेली, दोरा सैल होता. अन् पोरगी घटत गेली. बिनमिठाचा भात दोन घास खाये. डोकं गरगरते म्हने, आंगात झिनझिन होते म्हने. सकाळी उठवली तं उठे, बसवली तं बसे. एकदा मी भांडे घासत होती तं माह्या पाठीशी येऊन उभी राहिली. "मोठ्याई, मी बरी होऊन राहिली होती ना?" मी म्हटलं, "होऊन राहिली होती बेटा, होशीन." ती माह्या हातचं भांडं घेऊन इसळाले लागली.

नंबर मांगं पडत पडत दुसऱ्या मंगळवारी शकुनबाईची टोळी आली. त्या दिवशी आभाळ भरलेलं, बारीक पानी चालूच होतं. दामिनीले घरी सासूच्या भरवशावर ठेवाचं नाही, एवढं मंजुषानं धरून ठेवलं होतं. तिले शेतात आनून मोहाच्या झाडाखाली बसवलं, डोक्यावर पोत्याची खोळ अन् गळ्यात ते माळ. आमी साऱ्या जनी बांधीत उतरलो. रोवना म्हंजे दिवसभर कमरेत वाकलेलं, डाव्या हातात पेंडी, उजव्यानं रोप चिखलात खुपसाचं अन् मांगं मांगं सरकाचं. मान वर काढाले फुरसत नाही. बोटं पान्यानं पांढरी पडतात, नखात चिखल ठनकते. पाठीवर पानी, पोटाखाली पानी. अंकुश धुऱ्यावरून पेंड्या फेकत होता, मोठ्या आवाजात, खुशीत. रोवना होऊन राहिला, पोरीले कावीळ आहे, त्याच्या मनासारखं सारं होऊन राहिलं होतं.

मान वर मंजुषानं केली. पेंडी तिच्या हातातून पडली अन् ती आरडली नाही, नुसती धावत सुटली. मी पाहिलं तं झाडाखाली खोळ पडलेली, पोरगी नाही.

आमच्या बांधीच्या वरतं बोडी आहे, लहानसं तळं. पानी दोन दिवसात तुडुंब भरलं होतं. दामिनी तिच्या मधात होती, गळ्याइतक्या पान्यात, अन् पुढं जाऊन राहिली होती. आवाज देला तं मांगं पाहिलं नाही. मंग डोकंबी दिसेना. शकुनबाई उंच बाई. लुगड्यासकट उतरली अन् केसाले धरून पोरीले काठावर ओढत आनलं. पालथी केली, पाठ चोळली. तोंडातून पानी निंघालं, मंग खोकला आला, मंग श्वास आला. आमी साऱ्या चिखलानं भरलेल्या, पान्यात गोल करून उभ्या.

"काविळीची चक्कर आली असन," शकुनबाई धापा टाकत म्हने. "पोटात अन्न नाही पोरीच्या."

"हाव," अंकुश म्हनाला. "हाव काकी, चक्करच आली. तोंड धुवाले गेली असन."

साऱ्या बाया माना हलवाले लागल्या. तेवढ्यावर मिटलं असतं, खरं सांगते. पोरीले घरी नेलं असतं, मंगरूले बलावलं असतं.

"चक्कर नाही आली," मंजुषा म्हनाली.

लग्न होऊन आली तवापासून या बाईनं नवऱ्यापुढं आवाज चढवलेला मी आयकला नोहोता. पोरीचं डोकं मांडीवर घेऊन ती चिखलात बसली होती.

"चक्कर नाही आली. ती आपल्या पायानं गेली. तिले कावीळ नाही. कधीच नोहोती. तिच्या मनाची बिमारी आहे, भंडाऱ्याले औषध चालू होतं, बरी होऊन राहिली होती माही पोरगी. यानं गोळ्या चुलीत टाकल्या."

पानी पडत होतं. अंकुश बसला तसाच, धुऱ्यावर, दोन्ही हात डोक्यावर ठेवून. शकुनबाईनं त्याच्याकडं पाहिलं.

"तू मले कावीळ सांगतली रे," ती म्हनाली. "माही गुड्डी रोज म्हने, माय मी जातो, दूर बसतो. मी तिले काडीनं मारलं एक दिवस. लागते म्हटलं. अरे, तू मले सांगतलं असतं तं मी काय पोरीले खाल्लं असतं?"

गाडी शकुनबाईच्याच पोरानं आनली. पऱ्ह्याच्या पेंड्या धुऱ्यावर तशाच पडून राहिल्या अन् आमी भंडाऱ्याले गेलो.

छातीत पानी गेलं होतं म्हनून पोरीले भरती केलं. मनाची डॉक्टरीनबाई दुसऱ्या दिवशी वर वार्डात येऊन गेली. रागावली नाही, पन गोळ्यायचं आयकून म्हने, "आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. वेळ लागेल. या वेळी तिच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा." अंकुशले तिनं येगळं बसवून समजावलं. तो हाव म्हनत गेला. दामिनी कोनाशीच बोलेना. मायशी नाही, माह्याशी नाही. छताच्या पंख्याकडं पाहत राहे.

मंग शकुनबाई गुड्डीले घेऊन आली. रोवन्याचे दिवस, टोळी सोडून आली होती. गुड्डी पयले दाराशी उभी राहिली, मंग आली अन् खाटेवर पाय घेऊन बसली. पन बडबड सुचेना तिले.

"आता कायले आली?" दामिनी म्हनाली. दोन दिवसातला तो पयला शब्द.

"मायनं आता सांगतलं ना."

"काय?"

"का तुले कावीळ नाही म्हनून."

दामिनीनं तोंड वळवून तिच्याकडं पाहिलं. "तुले खरंच कावीळ वाटली होती?"

"मंग! माय म्हने लागते. मी तरी येत होती तं मारलं मले. पाहा, अजून वळ आहे."

दामिनी तो वळ पाहत राहिली.

"मले वाटलं तुले माईत झालं," ती म्हनाली. "कावीळ तं कोनालेच खरी वाटत नसन. मी पागल आहो हे साऱ्यायले समजलं, म्हनून तू येत नाही, असं वाटलं मले."

गुड्डीचे डोळे भरून आले, पन पोट्टी मोठी खट. "पागल तं तू पयलेपासूनच आहे," ती म्हनाली अन् दामिनीचा हात दोन्ही हातात दाबून धरला. दामिनी हसली नाही. पन हात सोडवून घेतला नाही तिनं, अन् मंग रडाले लागली, त्या पयल्या मंगळवारी रडली होती तशी, आवाज करून.

शकुनबाई खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. मंजुषा पोरीच्या पायाशी बसली होती, तिनं पाय धरले. अंकुश चहा घेऊन दारात आला होता, हातात दोन गिलास. त्यानं सारं आयकलं होतं. तो माह्याकडं पाहून राहिला होता, आत येऊ का म्हनून.

मी त्याले ये म्हटलं नाही.